पेंटरभाऊंनी काढलेली माझी पाठ

आमच्या नेर गावात पेंटरभाऊंची पाठ सगळ्यांना माहीत होती. चेहरा फार थोड्यांना. दिवसभर माणूस भिंतीकडे तोंड करून उभा. कपाशीच्या बियाण्यांच्या जाहिराती रंगवाव्यात तर त्यांनीच. हाक मारली तर न वळताच म्हणत, "बोला ना बाई, कान मोकळेच हायेत."

पुढे कपाशीचे भाव कोसळले, दुकानदारांनी हात आखडले आणि भिंती कोऱ्या राहू लागल्या. तेव्हा आमच्या शाळेने त्यांना स्नेहसंमेलनाचा मागचा पडदा रंगवायला दिला: मुलांचा वाद्यवृंद आणि मधोमध हात उंचावलेली संचालिका. म्हणजे मी, संगीताची बाई. चाळिशी आली होती, अक्कल यायची होती. दर वर्षी पोरांकडे पाठ करून, पाहुण्यांकडे बघून गोड हसत मी हातवारे करायची, आणि मागे तबला, पेटी, बुलबुलतरंग तीन वाटांनी जायचे. दोष अर्थात पोरांचा. यंदा फजिती झाली तर वाद्यवृंद बंद, असं मुख्याध्यापकांनी बजावलं होतं.

पेंटरभाऊ आठवडाभर तालमीला येऊन बसले. मी रोज वेगळी साडी नेसले. माझी डावी बाजू बरी दिसते म्हणून तीच त्यांच्याकडे करत राहिले. पडदा उलगडला, तर पोरांचे चेहरे हुबेहूब. माझा मात्र अंबाडा. नुसता अंबाडा.

"पेंटरभाऊ, माझं तोंड कुठंय?"

"पोरायकडं हाये."

"मग लोकांना काय दिसणार?"

"पोरं दिसतीन. बाई, तुमी लोकायकडं पाहून राह्यल्या, तं पोरायनं कोनाकडं पाहावं?"

दोन दिवस मी फुगून बसले. तिसऱ्या दिवशी संमेलन. पाहुण्यांना नमस्कार केला आणि पोरांकडे वळले. पहिल्यांदाच सगळी एकत्र सुरू झाली, एकत्र थांबली. वाद्यवृंद वाचला. शिवाय कळलं, की आमचा बासरीवाला दोन वर्षं बासरी नुसतीच ओठाला लावून उभा होता.

भिंती काही पुन्हा रंगल्या नाहीत. पुढच्या वर्षी पेंटरभाऊ लेकीकडे कायमचे निघाले. पोरांनी वाद्यं स्टँडवर आणली. एस.टी. माझ्या मागे, मी पोरांकडे तोंड करून. गाडी हलली तशी खिडकीतून हाक आली, "बाई, आता तरी इकडं पाहा."

मी वळले. ते दोन्ही हात बाहेर काढून ताल देत होते. माझ्या मागे पोरं त्यांच्याकडे बघत वाजवत राहिली, आणि गाडी अमरावतीच्या रस्त्याला लागेपर्यंत एकाचाही ताल चुकला नाही.