वाढत्या अंगाचं जॅकेट

माझी नणंद मत्स्यालयाच्या मोठ्या टाकीत उतरून आतून काचा पुसते. चण एवढीशी, म्हणून घरात ती चिमणी. ती परत येईपर्यंत सासूबाईंचा जीव टांगणीला.

लहानपणापासून तिला सगळं वाढत्या अंगाचं घेतलं. अंग काही वाढलं नाही. पाण्यात तोलून धरणारं, हवा भरायचं नवं जॅकेट घेतानाही सासूबाई म्हणाल्या, "एक माप मोठंच घे."

दुकानातल्या बाईंनी ते तिला चढवलं, हवा भरली आणि खांद्याचे पट्टे धरून वर खेचलं. जॅकेट कानांपर्यंत गेलं, चिमणी होती तिथेच.

"पाण्यात असंच होणार," बाई म्हणाल्या.

जुनंही असंच ढगळ होतं.

सासूबाईंनी चिमणीचा दंड घट्ट धरला. "ही आता वाढायची नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "अंगाबरोबर बसेल असं द्या."