सरांनी सांगितलेला लॅपटॉप
तापलेल्या प्लास्टिकचा वास आला की मला नांदेडचं ते दुकान आठवतं. लातूरच्या क्लासात दोन वर्षं घालूनही मेडिकलला नंबर लागला नव्हता, आणि मला आता व्हिडिओ एडिटिंगचं काम करायचं होतं. त्यासाठी दादा, म्हणजे माझे वडील, स्वतःहून लॅपटॉप घ्यायला निघाले, याचंच मला नवल वाटत होतं. दुकानदारानं एक जाडजूड काळा लॅपटॉप पुढं सरकवला. "मोशन ग्राफिक्सला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतंय, ह्यो घ्या." त्याच्या पंख्याची गरम हवा माझ्या तळहाताला लागत होती. दादांनी मात्र शेजारच्या पातळ, चंदेरी लॅपटॉपवर बोट ठेवलं. "क्लासच्या सरांनी ह्योच सांगितलाय." आमच्याकडं सोयरीक जमवतानाही क्लासच्या सरांना विचारतात. मी हळूच म्हणालो, "दादा, यावर माझं काम होणार न्हाई." माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "लेक्चर तर दिसतेत ना? यंदा पुन्हा बसवून घेतो म्हणलेत सर." मी चंदेरी लॅपटॉपचं खोकं उचललं. त्याही वर्षी नंबर लागला नाही. आता त्याच लॅपटॉपवर मी त्याच क्लासच्या निकालाचे व्हिडिओ करतो. पास झालेल्या पोरांचे हसरे चेहरे पडद्यावर अर्ध्यात अडकतात, लॅपटॉप तापून वास सुटतो, आणि दादा मागून काळजीनं म्हणतात, "सरांना विचारून बघू का?"