ह्यांचं गवत कापायचं मशीन

आमचे हे निवृत्त होऊन चार महिने झाले होते. एका सकाळी लोडिंग रिक्षा दारात थांबली आणि रिक्षावाल्याने आणि ह्यांनी मिळून एक गंजलेलं धूड खाली उतरवलं. मी शिलाईच्या खोलीत होते. शहाद्याला आमच्या घराची पुढची खोली म्हणजेच माझं दुकान. तीस वर्षं मी तिथे बसून ब्लाऊज शिवते आहे. मशीन थांबवून मी बाहेर आले.

दोन लोखंडी चाकं, त्यांच्या मध्ये पिळलेल्या पात्यांचा एक गोल, मागे लाकडी रूळ आणि वर लांब दांडा. मला वाटलं कडबा कापायचं काहीतरी असावं.

"हाई काय लई उनात तुम्ही?" हे काय घेऊन आलात, म्हणून मी विचारलं.

"गवत कापानं मशीन शे."

"आपला आंगनमा गवत कोठे शे?"

हे हसले. "लावसूत," म्हणाले.

अंगणात होती फरशी, कडेला तुळस आणि दुचाकी लावायची जागा. मला राग आला, पण गिऱ्हाईक बसलेलं होतं, म्हणून बोलले नाही. संध्याकाळी बोलले. इतकी वर्षं घराबाहेर राहिलात, आता घरी आलात तर भंगार घेऊन आलात, असं काहीतरी. हे ऐकून घेत राहिले. कुठून आणलं विचारलं तर भंगारवाल्याकडून, एवढंच सांगितलं.

इतकी वर्षं म्हणजे नऊ वर्षं. हे तहसीलमध्ये कारकून होते आणि शेवटची नऊ वर्षं धडगावला होते. सोमवारी पहाटेच्या जीपने जायचे, शनिवारी संध्याकाळी यायचे. मुलीची शाळा, मग कॉलेज, माझं दुकान, सासूबाईंचं आजारपण. मी शहाद्यालाच राहिले. पावसाळ्यात घाटात दरड आली की शनिवारही चुकायचा. आम्ही दोघंही म्हणत आलो होतो की एकदा नोकरी संपली की मग आहेच निवांतपणा.

मशीन आल्यावर हे रोज दुपारी ओट्यावर बसून ते उघडू लागले. घमेल्यात रॉकेल, त्यात बुडवलेले नट, जुन्या बनियनच्या चिंध्या. ह्यांचा हात लिहिण्याचा. पाना धरताना बोटं सोलून निघायची. एका गुरुवारी ह्यांनी मला बाहेरून हाक मारली. खालच्या पात्याचा नट आवळायचा होता, दुसऱ्या बाजूने कोणीतरी पाना धरून ठेवायला हवा होता. माझ्या हातात लग्नाचा ब्लाऊज होता, बाही जोडत होते. मी म्हटलं, थांबा थोडं. थोड्या वेळाने ह्यांनी पुन्हा हाक मारली नाही. मी बाहेर आले तोवर ह्यांनी पाना पायाखाली दाबून एकट्यानेच नट आवळला होता आणि हात धूत होते.

शनिवारी सकाळी चहा घेताना ह्यांना घाम फुटला. दवाखान्यात नेईपर्यंत रिक्षातच सगळं संपलं.

दहावं, बारावं, तेरावं झालं. नातेवाईक परतले. मुलगी सुरतेला असते, ती महिनाभर राहिली आणि मग तिलाही जावं लागलं. मशीन ओट्यावर गोणपाटाखाली होतं. धाकटे दीर म्हणाले, वहिनी, मी भंगारात देऊन टाकतो, जाता येता पायात येतं. मी म्हटलं, राहू द्या. का, ते मला सांगता आलं नसतं.

एकदा गव्हाची गोणी ठेवायला जागा करत होते, म्हणून ते मशीन सरकवलं. चाकं थोडी फिरली, तशी आतली पाती फिरली. मी गोणपाट काढून खाली वाकून पाहिलं. वरची पाच पाती पिळलेली, आणि खाली एक सरळ पातं, जागचं न हलणारं. वरचं पातं खालच्याला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे घासत जातं. मी जन्मभर कात्री चालवली आहे. ही कात्रीच होती. एक पातं फिरतं, एक थांबतं, आणि दोघांच्या मध्ये जे सापडेल ते कापलं जातं. हे यंत्र मला समजू शकतं, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. आणि हे हयात असताना मी एकदाही वाकून पाहिलं नव्हतं, हेही लगेच मनात आलं.

उजव्या बाजूला एक काळी पडलेली पट्टी होती. चिंच लावून घासली तर पितळ निघालं. इंग्रजी अक्षरं होती, अर्धी झिजलेली. मुलीला फोटो पाठवले. तिने इंटरनेटवर जुन्या मशीनची हौस असणाऱ्या लोकांना विचारलं. ते लोक एकेक गोष्ट विचारायचे, ती मला विचारायची, मी मोजून सांगायचे. पाती किती, चाकाला आरे किती, बाजूच्या लोखंडावर कसली नक्षी आहे. नक्षीवर चिखल बसला होता, सुईने कोरून काढला तर वेलीची पानं दिसली. त्यावरून त्यांनी ओळखलं. विलायती बनावटीचं, हाताने ढकलायचं, सिलिंडर मोअर. बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता. मुलगी म्हणाली, आई, हे आजोबांच्या वयाचं आहे. पण बाबांना ते का हवं होतं, हे त्या लोकांना कसं माहीत असणार?

होळीच्या आधी एक म्हातारा माणूस दारात आला. डोक्याला रुमाल, हातात कापडी पिशवी. पावरा आदिवासी, धडगावचा. तिथल्या विश्रामगृहावर माळी होता, आता घरी असतो. ह्यांची बातमी त्याला उशिरा कळली होती, बाजाराला शहाद्याला आला म्हणून भेटायला आला. मी त्याला खुर्ची दिली, तो ओट्यावरच बसला. पाणी प्याला. मग त्याची नजर कोपऱ्यात गेली. तो उठला, मशीनजवळ उकिडवा बसला आणि मागच्या लाकडी रुळावरून त्याने हात फिरवला.

"बाई, हे आमचं आहे," तो म्हणाला. "हा रूळ मी केला. जुना कुजला होता. ही सागाची गाठ बघा, ती माझ्याकडून राहिली."

मग तो सांगत गेला आणि मी ऐकत गेले. विश्रामगृहापुढे एक छोटं लॉन होतं. ऑफिस सुटलं की हे तिथे जायचे. माळ्याची कंबर दुखायची, म्हणून एकदा ह्यांनी मशीन हातात घेतलं, आणि मग रोजच घ्यायला लागले. शर्टाच्या बाह्या दुमडून दोन-चार ओळी कापायचे. मग खाणावळीचा डबा तिथेच गवतावर बसून खायचे. एकटं जेवण जात नाही, म्हणून त्यालाही बसवून घ्यायचे. पुढे लॉन काढून तिथे सिमेंटचे ब्लॉक बसवले आणि जुनं सामान लिलावात गेलं. निवृत्तीनंतर ह्यांनी त्याला फोन करून विचारलं होतं की मशीन कोणी उचललं. शहाद्याच्या एका भंगारवाल्याने, एवढं त्याला माहीत होतं. पुढचं ह्यांनीच शोधलं असणार.

"भाऊसाहेबांनी एकदा सांगितलं," तो म्हणाला, "दिवाळीनंतर बाई येणार आहेत, आठ दिवस राहणार आहेत. त्या आठवड्यात आम्ही लॉन दोनदा कापलं."

मला ती दिवाळी आठवली. मी येते म्हणाले होते. मग तुळशीचं लग्न झालं, लग्नसराईचे ब्लाऊज येऊन पडले, आणि मी फोनवर सांगितलं की आता जमणार नाही, पुढच्या वर्षी बघू. हे "बरं" म्हणाले होते. पुन्हा कधी ह्यांनी तो विषय काढला नाही, आणि मीही नाही. ह्यांनी खोलीला चुना लावून घेतला होता, हेही त्या दिवशी माळ्याकडूनच कळलं.

मी आत जाऊन चहा टाकला. आधण येऊन उतू गेलं तरी उभीच राहिले.

तो निघण्यापूर्वी मी त्याला विचारलं की मशीन पुन्हा चालू होईल का. त्याने नीट बघून सांगितलं की होईल. गंज वरचा आहे, पाती शाबूत आहेत. फक्त खालचं पातं एका बाजूला फार आवळलं गेलं आहे, त्यामुळे गोल अडकतो. तो नट सोडवायचा, मग दोन्ही बाजूंनी थोडं थोडं आवळत पात्यांच्या मध्ये कागद धरून बघायचं. कागद एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा कापला गेला की झालं.

तो नट म्हणजे गुरुवारचा नट.

बाकी सगळं मी केलं. पॉलिश पेपरने गंज काढला. बेअरिंगमधलं वाळलेलं ग्रीस खरवडून नवं भरलं. बाजारातल्या धारवाल्याने पाती बघून हात जोडले, हे आपलं काम नाही म्हणाला. मग ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने मला इंजिनच्या व्हॉल्व्हला लावायची पेस्ट दिली आणि युक्ती सांगितली. पेस्ट पात्यांना लावायची आणि गोल उलटा फिरवत राहायचा, पाती एकमेकांना घासून आपोआप धार धरतात. पण त्यासाठी आधी तो नट ढिला करायला हवा होता, आणि माझ्याकडून ते होईना. ह्यांच्या हाताने केलेलं शेवटचं काम तेवढंच उरलं होतं. मी पाना लावायचे आणि काढून घ्यायचे. नटाच्या कडेवर पाना निसटल्याची चकचकीत ओरखड्याची खूण होती. दुसऱ्या बाजूने कोणी धरलं असतं तर तो निसटला नसता.

असे पंधरा दिवस गेले. मग एका दुपारी समोरच्या बाईंना बोलावलं, त्यांना एक पाना धरायला दिला आणि दुसऱ्याने मी तो नट फिरवला. फार जोर लागला नाही. बाईंनी विचारलं, झालं? मी झालं म्हटलं, पण त्यांनी माझ्याकडे बघून पाना खाली ठेवला आणि माझ्याजवळ बसून राहिल्या.

उलटं फिरवायचं काम आठवडाभर चाललं. मग शिलाई मशीनचं तेल दिलं, आणि मापाच्या वहीतलं पान पात्यांच्या मध्ये धरलं. पहिल्यांदा चुरगळलं. नट थोडा आवळला, थोडा सोडला. पाचव्या-सहाव्या वेळी कागद कापडासारखा सरळ कापला गेला. मी मुलीला फोन केला. तिला आनंद झाला. मलाही तिच्यासारखं वाटेल असं मला वाटलं होतं.

श्रावण सरता सरता मी धडगावला गेले. मशीन जीपच्या टपावर दोरीने बांधलं होतं. घाटात प्रत्येक वळणावर मला ह्यांचे सोमवार आठवत होते, खरं म्हणजे आठवत नव्हते, कारण मी ते कधी पाहिलेच नव्हते. माळी स्टँडवर आला होता.

विश्रामगृहापुढे सगळे ब्लॉक होते. भाऊसाहेब कुठे बसायचे, असं मी विचारलं. त्याने जागा दाखवली. तिथे एक पांढरी गाडी उभी होती. मी त्या गाडीजवळ थोडा वेळ उभी राहिले.

मागच्या भिंतीलगत मात्र गवताचा एक पट्टा राहिला होता. रखवालदाराला विचारून आम्ही मशीन तिथे नेलं. गवत गुडघ्याएवढं वाढलेलं. मी ढकललं तर मशीनने ते कापलंच नाही, नुसतं पुढे लोळवलं. माळी म्हणाला, हे मशीन वाढलेल्या गवताला चालत नाही, रोजच्या रोज कापलं तरच चालतं. मग त्याने विळ्याने आधी गवत खाली आणलं. कंबर धरून धरून कापत होता, मी नको म्हटलं तरी ऐकलं नाही. त्यानंतर मी ढकललं. पाती कुरकुरली आणि मग सरसर कापू लागली. हिरवा चुरा माझ्या साडीवर उडाला. दहा-बारा पावलांची ओळ, भिंतीपर्यंत जायचं आणि वळायचं. अशा चार ओळी मी कापल्या. पाचवी माळ्याने कापली.

मी त्याला म्हटलं, मशीन तुम्ही ठेवा. त्याने मान हलवली. इथे ठेवलं तर पुन्हा भंगारात जाईल, म्हणाला.

परतीच्या जीपमध्ये माझ्या शेजारी एक बाई होत्या, नर्स असाव्यात. टपावर काय बांधलं आहे असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे लॉन आहे का? मी नाही म्हटलं. त्यांना काही समजेना, तेव्हा मी सांगितलं की आमचे हे इथे नऊ वर्षं नोकरीला होते आणि मी आज पहिल्यांदा आले.

"मग आता येत जा," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. त्यानंतर मी गेलेले नाही.