सुभेदारांचा भाडेकरू

शर्टाची डावी बाही कोपरापर्यंत सारायची, हात पुढे करायचा आणि समोर येईल त्याला म्हणायचं, "दाब की रं, भितोस काय?" साताऱ्यातल्या आमच्या शेजारच्या सुभेदारांची ओळख अशीच व्हायची. कातडीखाली ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी कडक बोटाला लागे. लढाईत घुसलेला तोफगोळ्याचा कपचा. "भाडेकरू हाय आमचा. भाडं देत न्हाई, खोली सोडत न्हाई," म्हणून ते स्वतःच आधी हसायचे. मुलांनो, सुट्टीला माझ्याकडे आलात की तुम्हीही तो दाबायचात. आठवतं का?

त्यांच्या मालकिणीला, म्हणजे बायकोला, हे मुळीच आवडत नसे. "आवं, दूधवाल्याला तरी सोडा," असं ती आतून ओरडायची.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस त्यांचा खोकला हटेना. लेक सांगलीला दिलेली. तिथल्या डॉक्टरांना फुफ्फुसात एक गाठ दिसली. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून रिपोर्ट घेऊन सुभेदार माझ्याकडे आले.

"बाई, साधी गाठ लिवलीया का वंगाळ?"

नेमकं तेवढंच त्यात नव्हतं. जुन्या क्षयाची खूण असेल, नाहीतर कॅन्सर. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली, त्यामुळे सुई घालायला डॉक्टर धजत नव्हते. छाती उघडावी तर सुभेदारांना दम कमी. गाठ साधी निघाली तर उगाच जीव धोक्यात. म्हणून डॉक्टर म्हणाले, एमआरआय करून पाहू. शिरेतून औषध द्यायचं आणि गाठ ते किती चटकन शोषते ते पाहायचं. भराभर शोषलं तर कॅन्सरची शंका. खात्री नाही, पण अंदाज येतो.

मीही सोबत सांगलीला गेले. मशीनच्या खोलीबाहेर तिथल्या मुलीने विचारलं, "आजोबा, अंगात कुठे लोखंडाचा तुकडा वगैरे?"

अख्ख्या गल्लीला हात दाखवणारे सुभेदार म्हणाले, "न्हाई."

त्यांच्या बाहीचं बटण मनगटापाशी लावलेलं होतं. मी तोंड उघडणार, तोच मालकिणीने त्यांचा हात धरला, बटण काढलं, बाही वर सारली.

"दाबा बाई," ती त्या मुलीला म्हणाली. "हितं हाय."

ते मशीन म्हणजे मोठं लोहचुंबकच. कपचा आत सरकून शीर फाटली असती. मुलीने आम्हाला परत पाठवलं. जिन्यात मालकीण रडायला लागली.

"खोटं का बोललासा?"

"हाय म्हटलं तर परत धाडत्यात. मग गाठीचं कसं कळनार?" सुभेदार कठड्याला टेकले. "भ्यालो गं."

मग कपचा काढावा लागला. मालकिणीने तो धुऊन तपकिरीच्या रिकाम्या डबीत ठेवला. जखम भरल्यावर सुभेदार मशीनमध्ये गेले. गाठीने औषध भराभर शोषलं होतं. डॉक्टरांनी मान खाली घालूनच सांगितलं, लक्षणं चांगली नाहीत. छाती उघडावीच लागली. कॅन्सरच होता, आणि पसरलेला.

त्या मे महिन्यात तुम्ही आलात. सुभेदार कट्ट्यावर बसले होते, बाही खाली. तुमच्यातल्या धाकट्याने सवयीने त्यांचा हात ओढला, बाही सारली, दाबून पाहिलं. नुसती मऊ कातडी.

"आजोबा, भाडेकरू कुठे गेला?"

"खोली सोडली रं त्यानं," सुभेदार म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत.

गणपती उठले आणि सुभेदार गेले. राख सावडायला आम्ही माहुलीच्या घाटावर जमलो. अस्थी मडक्यात भरून झाल्यावर मालकिणीने कनवटीची डबी काढली.

"आई, हे कशाला?" तिच्या मुलाने विचारलं.

"काढला नसता तर राखंतच गावला असता की. जाऊ दे त्यांच्या संगं."

तिने कपचा तळहातावर घेतला आणि अंगठ्याने हळूच दाबून पाहिला. इतक्या वर्षांत तिला तो दाबताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग तिने तो मडक्यात सोडला.