दोन बक्कलांचे बूट

नव्या चामड्याचा वास आला की मला सीताबर्डीतलं ते दुकान आठवतं. नवरदेवाचे बूट मुलीच्या वडिलांनी घ्यायचे, ही आमच्याकडची रीत, म्हणून साखरपुड्यानंतर आम्ही सगळे तिथे गेलो होतो. माझ्या होणाऱ्या नवऱ्याला दोन पट्टे आणि दोन बक्कलं असलेले डबल मंक स्ट्रॅपच हवे होते. तपकिरी जोड पायात चढवून तो फोनमध्ये बघत बसला. दुकानदार गल्ल्यावर दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. "तुमीच लावून द्या न भाऊ," त्याची आई बाबांना म्हणाली, "लग्नात पाय धुवाचेच आहेत तुमाले, आतापासून सवय करा." सगळे हसले. बाबाही हसले, स्टुलाला धरून दुखऱ्या गुडघ्यांवर बसले आणि बक्कलं लावू लागले. "काका, टाइट होऊन राहिलं," तो वर न बघता म्हणाला, "एक छिद्र मागे घ्या." बाबांनी घेतलं, मग बुटावर उमटलेले स्वतःच्या बोटांचे ठसे रुमालाने पुसले. बूट बघायच्या त्या बुटक्या आरशात मला दोन बूट आणि बाबांचा अजूनही हसरा चेहरा दिसत होता. ते बूट आता आमच्या घरी आहेत. रोज सकाळी नवरा खुर्चीत बसतो, फोन उघडतो आणि पाय माझ्यापुढे करतो.