मानसिंग आबांनी हात सोडला

मानसिंग आबांना सांगोल्याकडची भावकी कायम चिडवायची. "नुसतं हुबं ऱ्हायचा पगार खाल्ला की रं तू!" आबा हसत. खोटं नव्हतंच ते. फौजेतली त्यांची उमेदीची वर्षं दिल्लीत, हुतात्म्यांच्या स्मारकापाशी मानवंदनेच्या पहाऱ्यावर गेली. पाहुणे येत, फुलं वाहत, बिगुल वाजे आणि हे बंदूक धरून उभे. नाकावर माशी बसो, पायात गोळे येवोत, पापणी हलायची नाही. एकदा शेजारी उभा असलेला निंगप्पा उन्हाने चक्कर येऊन फरशीवर तोंडावर आपटला. दात सांडले. आबांनी मान वळवली नाही. नंतर साहेबांनी पाठ थोपटली. ही गोष्ट ते जेवताना अभिमानाने सांगत आणि सुनेच्या, पायलच्या, घशात घास अडके.

निवृत्तीनंतर ते सोलापुरात मुलाकडे, युवराजकडे राहायला आले. उभं राहणं काही सुटलं नाही. तीस जानेवारीला सकाळी अकराला हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचा भोंगा वाजतो, ती संपली की दुसरा. लोक आपल्या कामात असतात. आबा असतील तिथे सावधान. एकदा सात रस्त्याला भर चौकात थांबले, तर मागून रिक्षावाला ओरडला, "ओ आजोबा, म्हापालिकेनं बसवलंय का तुमाला?" ते ऐकून घरात सगळे पोट धरून हसले होते. पायलसुद्धा.

यंदा ती तारीख तिच्या ध्यानातही नव्हती. माहेरी मोहोळला जायला ती आबांना आणि तीन वर्षांच्या लेकीला, मायाक्काला, घेऊन जुन्या पुणे नाक्यावर एसटीची वाट बघत होती.

"आबा, हिचा हात सोडू नका हां. समोरून केळी घेऊन येते."

"सोडतोय व्हय मी? लई काळजी करतीस बग तू."

केळीवाल्याने फणी तोडली आणि भोंगा वाजला. पायलने गर्रकन मागे पाहिलं. रस्त्यापलीकडे आबांची टाच टाचेला भिडली, छाती पुढे आली, मुठी वळून मांड्यांना चिकटल्या. मायाक्काचा हात सुटला होता.

रस्त्यावर उसाचं एक कांडकं पडलं होतं. मायाक्का ते घ्यायला खाली उतरली. तिकडून दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर मोठ्याने गाणं लावून येत होता.

"आबा! पोरगी! अहो आबा!"

मध्ये दुचाक्यांची रांग तुटेना. पायल ओरडत होती आणि तिचाच आवाज तिला ऐकू येत नव्हता. पोर आबांच्या नजरेसमोर होती. आबा समोर पाहत होते.

एसटीसाठी बसलेल्या एका म्हातारीने धावत जाऊन मायाक्काचा फ्रॉक धरला आणि तिला मागे ओढलं. ट्रॉलीबाहेर लोंबणारी उसाच्या शेंड्याची वाढी पोरीच्या केसांना घासून गेली.

"डोळं फुटलं का रं तुजं, मुडद्या?" म्हातारी आबांवर खेकसली.

आबा तसेच. दुसरा भोंगा झाला तेव्हा ते सैल पडले.

पायलने पोरीला छातीशी आवळलं. आज सासऱ्यांना चार शब्द सुनवायचेच, असं ठरवून ती रस्ता ओलांडून आली होती. पण आबांचा सदरा घामाने भिजून अंगाला चिकटला होता.

"दिसली नाही का हो तुम्हाला?"

"दिसली की," आबा म्हणाले. "ट्रॅक्टरबी दिसला. आतनं वरडत हुतो मी, उचल पाय, उचल पाय म्हनून. पाय उचलंना, पोरी."

ती मोहोळला गेलीच नाही. संध्याकाळी आबांनी स्वतःच युवराजला सगळं सांगितलं.

"आबा, एकदा झालं. उगं मनाला लावून घेऊ नका," युवराज म्हणाला.

"न्हाय. फुडं पोरीला माज्या हाती द्यायची न्हाय." मग सुनेकडे वळून, "पायल, तू तरी शब्द दे."

एरवी ती म्हणाली असती, असं काय बोलताय आबा. आज तिला ते म्हणता आलं नाही.

"नाही देणार तिला तुमच्या हाती," ती म्हणाली.

आबांनी मान डोलावली. मायाक्का बाहेर चल म्हणून त्यांच्या बोटाला लोंबकळत होती. पायलने उठून तिला उचलून घेतलं.