जुन्या सर्व्हरवरचं एक बंद फोल्डर

मंडळी, आज खामगावातल्या एका छापखान्यात जुना सर्व्हर बंद करून सगळ्या फाइली नव्या सर्व्हरवर हलवायचं काम माझ्याकडे होतं. लग्नपत्रिकांची डिझाइनं दुपारपर्यंत सरकली. एकच फोल्डर अडलं. त्याचं नाव होतं 'हात लावू नये'.

ते उघडायची परवानगी फक्त रफिकचाचांना होती. चाचा इथले जुने डिझायनर, आता निवृत्त. मालक म्हणाले, "पुसून टाका म्याडम. कोण पाहते आता?"

मला ते जबरदस्तीने उघडता आलं असतं. आत काय असेल याची उत्सुकताही खूप होती, पण मन होईना. मी चाचांना फोन लावला.

"पुसू नको बेटा, मी येऊन राह्यलो," म्हणाले आणि अर्ध्या तासात हजर!

पासवर्ड त्यांना पाठ होता. आत निघाल्या चुकलेल्या पत्रिका. एकीवर नवरीच्या जागी तिच्या बहिणीचं नाव, एकीवर वारच चुकलेला. प्रत्येकीखाली चाचांनी लिहून ठेवलं होतं, चूक कशी झाली ते.

"मंग लपवून काऊन ठेवल्या?" मालकांनी विचारलं.

"तवा लाज वाटे. आता दाखवा सगळ्याईले, कामी येतीन."

नव्या सर्व्हरवर ते फोल्डर मी सगळ्यांसाठी खुलं केलं. तेवढ्यात आत्ताची डिझायनर सुनीता आपल्या कॉम्प्युटरवर बसली आणि मालकांपासून लपवलेली स्वतःची एक चुकलेली पत्रिका तिने त्यात टाकली. मालक बघत होते. रागावले नाहीत.

तुमच्या ऑफिसात चुका ठेवायला अशी जागा आहे का हो?